कागद न जाणारी फट

इंजिनाची टिकटिक सुताराने सोमवारी बंद केली आणि गुरुवारी मोटरसायकलच बंद पडली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी त्याने ते हाकलून दिलं असतं.

सुतार कामाचा पक्का. आपल्या सांध्यात कागद सरकवून दाखवा, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा आणि त्यासाठी एक पातळ कपटा कायम खिशात ठेवायचा. फट म्हणजे आळस, हे त्याचं ठाम मत. त्यामुळे इंजिनाच्या डोक्यावरची दोन झाकणं उघडल्यावर आत व्हॉल्व्हच्या टोकावर केसभर फट दिसली, तेव्हा त्याला गाडी बनवणाऱ्यांचीच लाज वाटली. टिकटिक तिथूनच येत होती. त्याने स्क्रू आवळला. कागद जाईना आणि टिकटिकही येईना. मंगळवारी पुन्हा काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं, म्हणून त्याने आणखी पाव फेरा दिला.

गाडी मुळात सासऱ्यांची. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी ती थोरल्या जावयाला दिली होती, पण इंजिनाला हात लावायचा नाही, या अटीवर. अकरा वर्षं सुतार मागे हत्यारांची पेटी बांधून तिच्यावरून कामाला जात होता. आता त्याच्या साडूला जुन्या गाड्यांचं वेड लागलं आणि त्याने ती मागितली. सासऱ्यांनी न्याय केला. रविवारी दहा वाजता, दोन्ही जावयांसमोर, एका किकमध्ये चालू झाली तर थोरल्याकडे राहील, नाहीतर धाकटा घेऊन जाईल. गाडी गेली तर सुताराला एक हात गेल्यासारखं झालं असतं, आणि साडूकडे गेली तर दोन्ही.

म्हणून रविवारी सकाळी अंगणात गॅरेजवाला उकिडवा बसला होता. त्याने तळहाताने किक दाबली. ती विनातक्रार खाली गेली.

"कॉम्प्रेशन नाही," तो म्हणाला. "किकने पायाला उलटा जोर द्यायला पाहिजे. ही तर हातानेच खाली जाते. इंजिनाला कोणी हात लावलाय का?"

सासरे तेवढ्यात फाटकातून आत येत होते. साडेआठच वाजले होते. तीस वर्षांत त्यांची बस कधी उशिरा सुटली नव्हती, आणि निवृत्तीनंतर ते स्वतःच वेळेआधी सुटत असत.

"छे," सुतार म्हणाला. "हात कोण लावणार?"

"मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरचा स्क्रू, बघायला नको. तो आपोआप ढिला पडतो, आवळत नाही. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील."

त्याने प्लग काढून त्या भोकात दाब मोजायचा मीटर बसवला, अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरला आणि सात-आठ किका मारल्या. काटा निम्म्यावरही चढला नाही. मग त्याने चमचाभर तेल त्याच भोकातून आत सोडलं. "रिंगा झिजल्या असतील तर तेलाने फट भरते आणि काटा चढतो," त्याने समजावलं. फट हा शब्द ऐकून सुताराने मान फिरवली. काटा होता तिथेच राहिला.

"रिंगा शाबूत आहेत. व्हॉल्व्ह हवा सोडतायत. हेड खोलावं लागेल."

"किती वेळ लागेल?"

"दोन दिवस."

सुताराने घड्याळ पाहिलं. सव्वानऊ झाले होते. सासरे तोवर हात-पाय धुवायला न्हाणीघरात गेले होते, आणि आतून दार ओढल्याचा एक भरीव आवाज आला. तो ऐकून सुताराची बायको स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली.

"बाबांनी दार लावून घेतलं की काय?"

हे दारही सुताराचंच. घरातलं कोणी ते कधी पूर्ण लावत नसे. उंबऱ्यात बादली ठेवायची आणि आतून गाणं म्हणायचं, अशी पद्धत होती. पाण्याने लाकूड फुगलं होतं आणि चौकटीत आधीच कागदाला जागा नव्हती. बायकोने बाहेरून मूठ ओढली. मूठ तिच्या हातात आली.

"धाकटीकडेही असलंच दार बसवून आलात ना मागच्या आठवड्यात?" ती मूठ त्याच्यापुढे धरत म्हणाली.

"त्यांच्या बेडरूमचं दार याच्याहून चांगलं आहे. कपटासुद्धा जात नाही."

बिजागऱ्या काढून दार उतरवणं एवढाच मार्ग होता. बिजागऱ्यांना बारा स्क्रू होते आणि बारा दारं तोलतील इतके लांब ते त्यानेच घातले होते. तो पहिल्या स्क्रूशी झटू लागला. न्हाणीघराची छोटी खिडकी अंगणात, नेमकी मोटरसायकलच्या वर उघडत होती. तिच्यातून सासऱ्यांचा शांत आवाज आला.

"हेड खोलू नका. प्लग लावा आणि सायलेन्सरजवळ कान नेऊन सावकाश किक मारा. फुसफुस येते का?"

गॅरेजवाल्याने वर पाहिलं. खिडकीत फक्त एक कान दिसत होता. त्याने सांगितलेलं केलं. "येते, काका."

"मागच्या महिन्यात आलो तेव्हा टॅपेटची टिकटिक होती. गुरुवारी बंद पडली म्हणता, त्याआधीचे दोन-तीन दिवस टिकटिक होती का?"

 दाराशी स्क्रू करकरायचा थांबला.

"जावईबापू," दारातून आवाज आला, "मी आत बसून हे दार बघतोय. माझ्या डोक्यात काहीतरी येतंय. खरं सांगा."

 अकरा वर्षांची गाडी जीभ उचलताच जाणार होती. "आवाज यायचा," सुतार शेवटी म्हणाला. "म्हणून थोडासा आवळला."

"कागद घालून बघितला?"

"घातला. गेला नाही."

 आतला नळ थेंब-थेंब गळत होता.

"अहो, लोखंड तापलं की वाढतं. वाढायला जागाच नाही म्हटल्यावर व्हॉल्व्ह मिटणार कसा? तुमच्या लाकडाचंही तसंच असतं ना?"

"चांगलं लाकूड इतकं फुगत नाही, बाबा."

"मग मी इथे का आहे?"

 गॅरेजवाल्याने झाकणं उघडली, खिशातून पोलादाची पातळ पत्ती काढली आणि ती जेमतेम सरकेल इतका स्क्रू सैल केला. मग उठून एकच किक मारली. किकने पायाला जोर दिला आणि गाडी चालू झाली. टिकटिक, टिकटिक. खिडकीतला कान समाधानाने मागे गेला. सुताराला आनंद झाला आणि तो आवाज सहनही झाला नाही.

बारावा स्क्रू निघाला तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. सासरे बाहेर आले, त्यांनी केस नीट केले आणि घड्याळ पाहिलं. "धाकटे कुठे आहेत? दहा सांगितले होते."

 आपण हात लावल्याचं कबूल केलं आहे, आता साडू येईल आणि किल्ली मागेल, एवढंच सुताराला दिसत होतं. तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. ती "हं, हं" करत ऐकत राहिली. मग तिने नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"धाकटी बोलतेय. परवा त्या दाराला त्यांनी दोन हात रंग दिला. काल रात्री दार लावून झोपले. सकाळपासून दोघंही आतच आहेत. लाजेपायी आत्तापर्यंत फोन केला नाही म्हणे. भाऊजींना पाठव म्हणतेय."

सगळ्यांनी सुताराकडे पाहिलं. गॅरेजवाल्याने तेवढ्यात आपली पत्ती शोधायला सुरुवात केली, पण ती सुताराच्या बायकोच्या हातात होती आणि बायको नवऱ्याने केलेल्या कपाटाच्या दारात ती सरकते का, ते बघायला निघाली होती.

सासऱ्यांनी पेटीतून रंधा उचलला. "गाडी काढा."

"बाबा, म्हणजे ती त्यांनाच..."

"त्यांना देऊन काय करू? तुम्ही केलेली दारं जोवर दोन्ही घरांत आहेत, तोवर गाडी तुमच्याकडेच हवी. माणसांना बाहेर काढायला दुसरं कोण जाणार?"

गाडी एका किकमध्ये चालू झाली. सासरे मागे बसले. रस्ताभर टिकटिक चालू होती. सुताराचा हात दोनदा खिशातल्या कपट्याकडे गेला, पण मागे सासरे होते आणि त्यांच्या मांडीवर रंधा होता.