गुरनेकच्या पाठीवरचा पाय

बेबेला ‘नाही’ म्हणणं गुरनेकला जमलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण कबड्डीच्या मैदानात भल्याभल्यांना लोळवणारा हा सहाफुटी गडी आईपुढे शेळी व्हायचा.

गेल्या मेळ्यात चढाई करताना तो पाठीवर आपटला आणि डाव्या पायाच्या बोटांतली जाणीवच गेली. रजईत स्वतःचाच अंगठा हाताला लागला, की शेजारी दुसरंच कोणी निजलंय असं वाटून तो दचकायचा. शहरातल्या डॉक्टरने टेबलाजवळ टांगलेला प्लास्टिकचा कणा दाखवून समजावलं. मणक्यावर मणका, मध्ये गाद्या. कमरेतली एक गादी सरकून नसेवर बसली होती. आराम केला तर पाय परत येईल, पण एखादा हिसका बसला तर कायमचा जाईल. डॉक्टरचा हात लागून तो कणा झुलत होता. डोकं नसलेलं ते प्रकरण आपल्याकडेच बघतंय असं गुरनेकला वाटलं (आणि तो फी न विचारताच बाहेर पडला).

बायको सुखवंत डॉक्टरच्या बाजूची. बेबेच्या मते ही साधी उसण होती, आणि उसण पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसाच्या लाथेने उतरते. गावाच्या टोकाला राहणारी म्हातारी चिंतो पायाळू होती. उंबऱ्यावर पालथं पडायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही आणि मागे वळून पाहायचं नाही, एवढंच पथ्य.

“आणि पाहिलं तर?” गुरनेकने विचारलं.

“आजवर कोणी पाहिलं नाही, पुत्तर,” बेबे म्हणाली. “म्हणून काय होतं ते कोणाला ठाऊक नाही.”

सुखवंत माहेरी गेलेली पाहून बेबेने बेत ठरवला. दुपार उतरत होती, पण धुकं असं दाटलेलं, की गोठ्याच्या उंबऱ्यावर पडलेल्या गुरनेकला समोरची विहीरही दिसेना. बेबे चिंतोची वाट बघायला फाटकाशी गेली. तिची पावलं धुक्यात विरली आणि सगळं गप्प झालं. एक लाथ, आणि पाय गेला तर? उठावंसं वाटत होतं, पण बेबेला काय सांगणार?

तेवढ्यात मागे काहीतरी हललं. चाहूल अगदी हलकी होती. मग मानेवर ऊन श्वास लागला, एक सुस्कारा ऐकू आला, आणि ओलं, खरखरीत काहीतरी कानावरून हळूच फिरलं. म्हातारीची ही कुठली रीत, ते त्याला कळेना. तो दात आवळून पडून राहिला. पाठीवर गार पाय टेकला. त्या पायाला बोटं नव्हती.

आणि दूर फाटकाकडून चिंतोने बेबेला मारलेली हाक आली, “बचिंत कौर, धुक्यात वाट चुकले गं बाई. पोरगा कुठाय?”

गुरनेकने मागे वळून पाहिलं. नाकापासून वीतभर अंतरावर दोन मोठे, काळे, ओले डोळे त्याच्याकडे रोखून बघत होते. त्याची मान कटकन वाजली, आणि तो जो उठून पळाला तो थेट शेणाच्या ढिगापर्यंत. वाटेत डाव्या अंगठ्याला ठेच लागली. ठेच दुखली. चांगली झणझणीत दुखली. शेणात बसून तो अंगठा कुरवाळत आनंदाने रडला.

मागोमाग म्हशीची पारडी दावं ओढत शांतपणे बाहेर आली.

डॉक्टरने त्याला मनसोक्त झापलं. पाय आरामामुळेच परत येत होता, धिंगाण्यामुळे नव्हे, आणि यंदा मैदानाचं नावही काढायचं नाही. वर मान लचकली म्हणून गळ्यात रुंद पट्टा बांधला. बेबेने यातलं काही मनावर घेतलं नाही. ही पारडी मागच्या पायांनी जन्मली होती, तिनेच ती ओढून काढली होती. एवढं आठवताच तिने गावभर सांगून टाकलं.

दारात रांग लागली. भालाफेकवाले, पैलवान, विरुद्ध संघाचे खेळाडूसुद्धा कमरेवर हात ठेवून वाकत वाकत येऊ लागले. मैदान बंद झालेल्या गुरनेकला बेबेने पारडीचं दावं धरायला उभं केलं.

एक दांडगा पैलवान लांबून आला होता. पारडीच्या गळ्यातलं दावं आणि गुरनेकच्या गळ्यातला पट्टा त्याने आळीपाळीने न्याहाळला आणि अदबीने विचारलं, “बेबेजी, लाथ या दोघांतलं कोण मारतं?”

“शहाणं दिसतंय ते,” चुलीपासून सुखवंत म्हणाली.

पैलवानाने क्षणभरही विचार न करता पारडीपुढे पाठ वाकवली.