आठची मालिका, आक्कांच्या तोंडून

शनिवारी सकाळी बंकट मुकादमाची जीप पाटोद्यात सिद्धारामच्या दुकानापुढे हॉर्न वाजवत उभी होती, आणि आत सिद्धाराम कॉम्प्युटरपुढे डोक्याला हात लावून बसला होता. कालचा भाग रेकॉर्डच झाला नव्हता.

सिद्धारामचं मोबाईलचं दुकान. दारावर 'मेमरी भरून मिळेल' अशी पाटी. गाणी, भजनं, कुस्त्या, जे म्हणाल ते तो नखाएवढ्या कार्डात भरून द्यायचा. कॉम्प्युटरला टीव्हीचं कार्ड बसवल्यापासून आठची मालिकाही भरून द्यायला लागला होता. तिचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे बंकटची ऊसतोडीची टोळी. दिवाळी झाली की टोळी कऱ्हाडकडच्या फडात उतरायची. तिथं पाचटाच्या कोप्यांत वीज नाही, मग टीव्ही कुठला? यंदा बायकांनी निघतानाच अट घातली: आठवड्याची मालिका फडात आली पाहिजे, नाही तर आम्ही गाडीत बसत नाही. बंकटनं मान डोलावली, आणि तेव्हापासून दर शनिवारी त्याची जीप पीठ, निरोप आणि मेमरी कार्ड घेऊन जायची. फडावर बायनाबाई आपल्या दणदणीत आवाजाच्या चायना मोबाईलमध्ये ते कार्ड घालायची आणि सगळी टोळी भोवती बसायची.

आणि काल नेमका निकालाचा भाग होता. नायिका शिवानीला सासू घराबाहेर काढणार की नाही, ते कळणार होतं. आठला लाईट गेली. त्यात नवल नव्हतं, ती रोजच जायची, इन्व्हर्टर त्यासाठीच घेतला होता. पण त्याच्या बॅटरीतलं पाणी आटलं होतं.

"म्या चारदा सांगितलं व्हतं, पाणी घाला म्हणून," आतून रुद्राणी म्हणाली.

ही सिद्धारामची बायको. तिनं सांगितलं होतं हे खरं, आणि दर वेळी सिद्धाराम मान न वळवता 'बघू' म्हणाला होता, हेही खरं. तिच्या वडिलांचं नांदूरघाटला दिवाळीआधी डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी निघाल्यावर म्हातारा म्हणाला, "आता लेक दिसू दे." माघ लागला तरी लेक पाटोद्यातच. दुकान कोण सांभाळंल, मला भाकरी कोण घालंल, असं म्हणत सिद्धारामचं 'बघू' चालूच. मुलगा लातूरला शिकायला, घरात बोलायला दुसरं कुणी नाही. माहेरी जायचं, वडिलांना दिसायचं, एवढं एकच रुद्राणीच्या मनानं धरलं होतं.

"आप्पा, द्या की कार्ड!" बंकट आत आला. "शिवानीचं कळलं न्हाई तर बाया कोयता हातात धरणार न्हाईत. धरला तर माझ्यावर धरतील."

"दुपारी परत दावत्यात. थांबतूस का?"

"दुपारी तरी तुमच्यात लाईट ऱ्हाती का?"

सिद्धारामनं आत हाक मारली, "तू कालचा भाग बघितलास का?"

"शेजारच्या डॉक्टरीणबाईकडं बघितला. त्यांच्या बॅटरीत पाणी व्हतं."

"मग ह्याच्यात सांगून टाक." त्यानं एक मोबाईल चहाच्या डब्याला टेकवून उभा केला, बटण दाबलं आणि गिऱ्हाईक आलं म्हणून बाहेर गेला.

रुद्राणी आधी लाजली. मग पदर सावरून मोबाईलला म्हणाली, "तर बायांनो, काल असं झालं..." आणि चांगली अर्धा तास बोलली. जाहिराती नव्हत्या. सासूची नक्कल होती, शिवानीचं रडणं होतं, आणि 'म्या आसते तर असं बोलले आसते' हेही होतं. सिद्धारामनं न बघताच ते कार्डात भरून बंकटच्या हातावर ठेवलं.

पुढच्या शनिवारी बंकट येऊन म्हणाला, "आप्पा, टीव्हीवालं नको. आक्कांनी सांगितलेलं द्या."

"कावून?"

"टीव्हीत धा माणसं येत्यात, मोबाईलवर निसत्या मुंग्या दिसत्यात. आक्का एकट्याच. तोंड नीट दिसतंय, आवाज नीट येतोय. बायनाबाई म्हणती, आक्का आपल्याशीच बोलत्यात."

सिद्धारामला बरंच झालं. रेकॉर्ड करा, फाईल बारीक करा, सगळी कटकट गेली. आठवड्यातून एकदा मोबाईल डब्याला टेकवायचा, की झालं.

पुढे मालिकेनं वीस वर्षांची उडी मारली. शिवानीचे केस पांढरे झाले, पण तोंडावर एक सुरकुती नाही. रुद्राणीला ते पटेना. "काल लेकरू पाळण्यात व्हतं, आज त्याचं लगीन? मधले दिस कुणी काढले?" असं म्हणून तिनं मालिका बघणंच सोडलं. सांगणं मात्र सोडलं नाही, कारण तिकडं टोळी वाट बघत होती. तिची शिवानी आहे त्याच वयात राहिली. तिच्या बंगल्याच्या हळूहळू पत्र्याच्या दोन खोल्या झाल्या. नवऱ्याची कंपनी गेली आणि दुकान आलं. तो दिवसभर कॉम्प्युटरच्या काचेत तोंड घालून बसू लागला. आणि शिवानीचे करोडपती वडील गावाकडं लिंबाखाली बाजेवर बसून, दारात कुणाचंही पाऊल वाजलं की 'आली का गं?' म्हणू लागले.

हे सगळं सिद्धारामच्याच हातून फडाकडं जात होतं. त्याच्या घरात काय चाललंय ते उसात वाकलेल्या बायांना ठाऊक, आणि त्याला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आपल्याच घरातलं ऐकायला काही खर्च येत नाही, नुसती मान वळवावी लागते. पण तेवढंच काम माणूस उद्यावर टाकतो.

एका दुपारी बायनाबाईचा फोन आला. सिद्धारामच्या हातात कुणाचा तरी उघडलेला मोबाईल होता, म्हणून त्यानं स्पीकर लावला.

"आप्पा, हितं भांडणं लागल्यात. अर्ध्या बाया म्हणत्यात शिवानीनं पळून जावं, अर्ध्या म्हणत्यात नवऱ्याला आजून एकदा इचारावं. तुमी शिकले-सवरले, तुमीच सांगा. बाप डोळे लावून बसलाय आन् ह्यो नवरा धाडत न्हाई. म्हणतो, दुकान बंद ऱ्हाईल."

सिद्धारामनं यातलं काही पाहिलं नव्हतं. पण सल्ला द्यायला कुणाला काही ठाऊक असावं लागतं, असं थोडंच आहे!

"दुकान काय पळून जातंय का?" तो कडाडला. "कसला गडी हाय त्यो! सोता नेऊन घालावं तिला माहेरी. आन् महिनाभर आणायला जाऊ नये. हातानं भाकरी थापाव्यात, म्हंजे कळंल!"

फडावरून टाळ्या वाजल्या. कुणीतरी शिट्टीही मारली. मग बंकटचा आवाज आला, "आप्पा, मग कधी नेता?"

"म्या? कुणाला?"

तिकडं नुसता हशा पिकला आणि फोन बंद झाला. सिद्धारामनं वर पाहिलं तर दारात रुद्राणी चहा घेऊन उभी.

"ऐकलं म्या," ती म्हणाली. "सकाळची गाडी हाय."

"कुठली?"

"नांदूरघाटची. सगळ्या टोळीपुढं तुमीच कबूल केलं."

"आगं, ते मालिकेतलं..."

"फडावरनं परत आलेलं कार्ड लावून बघा." चहा ठेवून ती आत गेली.

त्यानं कार्ड लावलं. पडद्यावर बायकोचं तोंड होतं. लग्नानंतर इतका वेळ त्यानं ते एकदाही पाहिलं नव्हतं. तिनं नवऱ्याची नक्कल केली, मान खाली, बोटं बटणांवर, आणि नाकातून 'बघू'. सिद्धारामला आधी राग आला, मग हसू आलं, कारण नक्कल हुबेहूब होती. मग लिंबाखालचा म्हातारा आला, आणि सिद्धारामला मनापासून लाज वाटली.

सकाळी त्यानं तिला नांदूरघाटला नेऊन सोडलं. म्हाताऱ्यानं लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, उजेडाकडं वळवलं आणि कितीतरी वेळ बघत राहिला. सिद्धाराम उभ्या उभ्या पाणी पिऊन परत आला.

शनिवारी बंकट हजर.

"आक्का माहेरी गेल्या," सिद्धाराम म्हणाला.

"लई बेस झालं! पण पुढचा भाग?"

"टीव्हीवरचं देतो की."

"बाया फेकून देतील. तुमीच सांगा. घरातलंच तर हाय."

सिद्धारामनं मोबाईल डब्याला टेकवला, समोर बसला, घसा खाकरला. "तर बायांनो, शिवानी माहेरी गेली," तो म्हणाला आणि थांबला. माहेरी ती काय करत असेल? तिथं तिची मैत्रीण कोण? ती कशाला हसते? गावच्या मेमऱ्या भरून देणाऱ्या माणसाला आपल्या बायकोविषयी एक मिनिटभर बोलता येईना. मोबाईल त्याचं कोरं तोंड टिपत राहिला.

"आप्पा, बोला की. चालू हाय," बंकट म्हणाला.

"बोललो की."

"एवढंच?"

सिद्धारामनं बटण बंद केलं, मोबाईल खिशात घातला आणि भर सकाळी दुकानाला कुलूप लावलं. "मला स्टँडवर सोड," तो बंकटला म्हणाला.

नांदूरघाटला रुद्राणी अंगणात वडिलांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होती. नवऱ्याला फाटकात बघून तिचं तोंड पडलं.

"आठवडा बी झाला न्हाई. लगीच न्यायला आलात?"

"न्हाई."

"मग? भाकरी जमंना व्हय?"

"ती बी जमंना. पण त्याच्यासाठी न्हाई आलो." त्यानं चपला काढल्या आणि तिच्यासमोर खाली बसला. "पुढं काय झालं, ते इचारायला आलो."

रुद्राणीनं बाटलीचं झाकण लावलं. हा खरंच विचारतोय का, हे ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "लई लांबण हाय."

"असू दे. सांग."

म्हाताऱ्यानं डोळे मिटूनच बाजेवर सरकून जागा केली.

"वर बसा, जावईबापू," तो म्हणाला. "ती आल्यापासनं म्या ऐकायलोय. आजून आर्धं बी झालं न्हाई."