सबनीसकाकांचं हवामान

सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमधल्या आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये सगळ्यांचे कपडे घामाने अंगाला चिकटलेले असताना सबनीसकाका गंभीरपणे सांगत, "आज तीनच आहे. वारा सुटलाय. बाहेर पडण्यात अर्थ नाही." ट्रॉली घेऊन बाजाराला निघालेली चिनी आंटी आधी त्यांच्याकडे बघे, मग माझ्याकडे. मी तिला काय सांगणार? काका सांगत ते विनिपेगचं तापमान असे.

त्यांची केतकी तिकडे नोकरीला गेली होती. काकू गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. त्यातली लेक जूनमध्ये कॅनडाला गेली, आणि काका देहाने आमच्या शेजारी अन् मनाने विनिपेगला राहू लागले. तुआसला जहाजांच्या यार्डात उभं आयुष्य काढलेला हा इंजिनिअर, त्यामुळे हिशेब पक्का. "आपण सिंगापूरवाले. पोरगी इथेच जन्मली, इथेच वाढली. पंखा जोरात लावला तरी शिंकते. एकदा बर्फ पडू दे, पुढच्या विमानाने परत!"

हे ते इतक्या आशेने म्हणत की ऐकणाऱ्याने बोनसचीसुद्धा कधी इतकी वाट बघितली नसेल.

एकदा मी त्यांचा डबा परत करायला गेले, तर काका मटारच्या पाकिटांमध्ये कोपरापर्यंत हात खुपसून, डोळे मिटून फ्रीजरसमोर उभे.

"काय शोधताय, काका?"

"शोधत नाही गं. किती सोसवतं ते बघतोय." गारठलेला हात त्यांनी गालाला लावला आणि समाधानाने म्हणाले, "छे, नाही टिकायची!"

मग मला केतकीची खोली दाखवली. नवी चादर घातली होती, एसीचं सर्व्हिसिंग करून घेतलं होतं. थंडीला कंटाळून येणाऱ्या मुलीसाठी एसी? "अगं, इथे आल्यावर उकडेल ना तिला!"

बर्फ नोव्हेंबरात येईल असा काकांचा अंदाज होता. तो ऑक्टोबरातच आला. मी बुओना व्हिस्टाला ऑफिसला निघाले होते, तर काका फोन हातात धरून कॉरिडॉरमध्ये. "वर्षा, ये लवकर! बर्फ! आता बघ कशी रडते!"

फोनमध्ये तिकडची संध्याकाळ होती. रस्त्यावरच्या दिव्याखाली काळ्या कोटात केतकी उभी होती आणि वरून बर्फ येत होता. मला वाटायचं, पावसासारखा कोसळत असेल. पण त्याला पडायची घाईच नव्हती. एकेक कण वाटेत जरा रेंगाळे, मग सावकाश तिच्या केसांवर येऊन बसे. आवाज म्हणून नाही. इकडे कठड्याशी चादरी वाळत होत्या, माझ्या मानेवरून घाम ओघळत होता, आणि आम्ही दोघं त्या तळहाताएवढ्या संध्याकाळीत हरवून गेलो होतो. ऑफिसची आठवणही राहिली नाही मला.

केतकी रडत नव्हती. तोंड वर करून, जीभ बाहेर काढून ती खदाखदा हसत होती. बोलण्यातलं सिंगापुरी 'लाह' मात्र सुटलं नव्हतं. "बाबा, लुक लाह! सो सॉफ्ट! बघतोयस ना?"

काका हळूच मला म्हणाले, "बोरन्हाणाला अशीच हसली होती. डोक्यावर चुरमुरे ओतले की बाकीची पोरं भोकाड पसरतात. ही वर बघून आणखी मागत होती. हिची आई तेव्हाच म्हणाली, ही आपल्याजवळ राहायची नाही."

तिकडे केतकीचं हसू जरा थांबलं. "बाबा, तू म्हणायचास ना, बर्फ पडला की मला परत यावंसं वाटेल? नाही वाटत रे. रागावलास?"

मला काकांकडे बघवेना. महिनोन्‌महिने ज्याची वाट बघितली, त्या बर्फानेच त्यांची मुलगी ठेवून घेतली होती.

"रागवायचं काय त्यात?" काका म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा. "कान झाक फक्त. आणि एवढ्यात आत जाऊ नकोस, खेळ अजून. आमच्याकडे बघ काय ऊन पडलंय!" असं म्हणून त्यांनी फोन कठड्याबाहेर वळवला, आणि ती समोरचे ब्लॉक बघत होती तेवढ्यात शर्टाच्या बाहीने डोळे पुसून घेतले.