गुहेपुढे खाकरणारे अप्पा

सिरसाळ्याचे भुसार व्यापारी मन्मथअप्पा डोंगरातल्या रिकाम्या गुहेत शिरण्यापूर्वी चपला बाहेर काढतात आणि मोठ्याने खाकरतात. "आत बायामानसं असत्यात, वकीलसाब. एकदम कसं घुसावं?" मी वकील नाही, न्यायालयाचा सेवानिवृत्त अधीक्षक आहे. ही दुरुस्ती मी वारंवार सुचविली असून अप्पांनी ती अद्याप अमलात आणलेली नाही.

गुहेच्या भिंतीवर तांबड्या रंगात हरणे आहेत, काठ्या घेतलेली माणसे आहेत आणि हातांचे ठसे आहेत. ही चित्रे आदिमानवाची असावीत, सबब त्यांना तातडीने संरक्षण द्यावे, असे अर्ज मी सातत्याने करीत आलो आहे. आपला अर्ज पुढे पाठविला आहे, एवढेच उत्तर येते. कोठे पाठविला, हे कळविण्याचे सौजन्य कोणी दाखवीत नाही.

अप्पांना मात्र सर्व ठाऊक आहे. हरणे कशासाठी काढली?

"मारलं म्हनून. चित्र काढलं की हरिण पुन्ना जल्माला येतंय."

आणि हे हात?

"त्यांची गेलेली मानसं दगडाच्या पल्याड हायत. हिकडून हात टेकला की पल्याडून तेबी टेकवत्यात."

"यास पुरावा काय?"

"पुरावा कावून लागतो बे? कोर्ट हाय का हे?"

'बे' या संबोधनास मी लेखी हरकत घेतलेली आहे.

गेल्या महिन्यात अप्पा स्वतः माझ्या दारी आले. मुलाने घर रंगवायला काढले होते. अप्पांना त्याच्याविरुद्ध नोटीस हवी होती. "तुमच्या त्या गुहेच्या कायद्यात माजी एक भिंत बसवा."

मी स्थळपाहणीस गेलो. मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी अप्पा थांबले आणि खाकरले. खोलीत कोणी नव्हते. अप्पांच्या पत्नी कमलबाई वारल्याला दोन वर्षे होत आली आहेत. समोरच्या भिंतीवर कुंकवाचे दोन हात होते. नवी नवरी म्हणून घरात आल्या, तेव्हा त्यांनी उमटविलेले.

"अप्पा, कायद्यात शंभर वर्षांची अट आहे."

"हे चाळीसच झाले," अप्पा हळूच म्हणाले. "तेवढं सांबाळून घ्या की."

डावा ठसा स्पष्ट होता. उजव्याची बोटे मात्र पुसट झाली होती आणि तेवढीच भिंत रोजच्या हाताने गुळगुळीत झाली होती.

मी तेथेच बसून नोटीस लिहिली. सदर भिंतीस चुना, रंग अथवा ब्रश लावणे हा अपराध समजला जाईल. कलम नमूद केले नाही. पुरावाही मागितला नाही.