ठराव क्रमांक चार, पान तिसरं

"यंदा पदवीदानाच्या मिरवणुकीत दंड घेऊन मी चालणार. लिहून ठेव!" रेकॉर्डरावांनी बायकोला हे सांगितलं तेव्हा ते दाढी करत होते आणि अर्ध्या गालाला अजून फेस होता. बायकोने काही लिहून ठेवलं नाही. तिला डबा भरायचा होता.

"आधी दुसरा गाल उरका," ती म्हणाली.

रेकॉर्डराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे तुम्ही ओळखलंच असेल. ते विद्यापीठाचे अभिलेखपाल. विद्यापीठ सव्वाशे वर्षांचं, त्याचे सव्वाशे वर्षांचे कागद मुख्य इमारतीच्या तळघरात, आणि तळघराची किल्ली रेकॉर्डरावांच्या कमरेला. कुठली शाखा कधी निघाली, कुठला विभाग कुणाशी भांडून वेगळा झाला, कोणत्या अधिष्ठात्याने खुर्चीला हात नाहीत म्हणून राजीनामा दिला, सगळं त्यांच्या कपाटांत होतं. वरून कागद आला की रेकॉर्डराव त्यावर 'वाचून दाखल' असा जांभळा शिक्का मारत, खाली सही ठोकत आणि गठ्ठ्यात बांधत. सत्तावीस वर्षांत त्यांच्या हातून एक चिठोरी हरवली नव्हती. आता शिक्क्यात 'वाचून' असं म्हटलेलं असलं, तरी एवढे कागद वाचत बसायला वेळ कुणाला आहे? शिक्के मारण्यातच संध्याकाळ व्हायची.

माणूस तसा सुखी असायला हरकत नव्हती. पण त्यांना एक साडू होता. हा धाकटा साडू त्याच विद्यापीठात, दोन मजले वर, समारंभ कक्षाचा अधीक्षक होता. वर्षातून एकदा पदवीदानाची मिरवणूक निघे. सगळ्यांत पुढे चांदीने मढवलेला पुरुषभर उंचीचा दंड, त्यामागे कुलगुरू, मग स्थापनेच्या क्रमाने एकेक शाखा: आधी कायदा, मग वैद्यक, मग कला, आणि शेपटाला कालपरवा निघालेले विभाग. हा दंड अकरा वर्षं धाकट्या साडूच्या हातात होता, आणि अकरा वर्षं तो रेकॉर्डरावांच्या डोळ्यांत सलत होता.

सासूबाईंच्या बैठकीच्या खोलीत दंडासकट धाकट्याचा फोटो होता. समोरच्या भिंतीवर, दारातून आलेल्या माणसाच्या थेट अंगावर येईल असा. थोरल्या जावयाचा फोटोही होता, नाही असं नाही. तो कपाटावर, घड्याळामागे, कर्मचाऱ्यांच्या सहलीचा. त्यात रेकॉर्डरावांचा एक कान आणि अर्धा चष्मा आला होता. पाहुणे विचारत, "हे कोण?" सासूबाई सांगत, "हे आमचे धाकटे जावई. विद्यापीठात सगळ्यांच्या पुढे असतात."

"आणि थोरले?"

"तेही तिथेच असतात. खाली."

ते 'खाली' ऐकलं की रेकॉर्डरावांच्या हातातला चहा गार होई. त्यांना मत्सर वाटत होता, साधा, सरळ, पोटातला मत्सर, आणि तो लपवण्यासाठी ते धाकट्याच्या मुलांना जरा जास्तच खाऊ देत.

यंदा मात्र वेळ आली. सव्वाशेव्या वर्षानिमित्त ग्रंथ निघणार होता आणि कुलसचिव बाईंनी विद्यापीठाच्या जन्माची माहिती मागवली होती. रेकॉर्डरावांनी पहिलं कार्यवृत्त बाहेर काढलं. त्यात होतं: भाड्याच्या दोन खोल्या, तीन शाखा, पाच नोकर. ठराव क्रमांक चारमध्ये त्या पाच जणांनी काय काय करायचं ते ठरवून दिलं होतं. दुसऱ्या पानाच्या तळाशी रेकॉर्डरावांची नजर गेली आणि त्यांनी चष्मा पुसून परत पाहिलं. लिहिलं होतं, 'समारंभात दंड वाहण्याचा मान अभिलेखपालाचा राहील, व तो मिरवणुकीत'. इथे पान संपलं होतं.

तिसरं पान दुसऱ्याच्या पाठीला चिकटून पुठ्ठा झालं होतं. पण त्याची गरजच काय? दंड घेतलेला माणूस मिरवणुकीत आणखी कुठे चालणार? रेकॉर्डरावांना तळघराचं छत एकदम ठेंगणं वाटायला लागलं. ते तसंही ठेंगणंच होतं. उठताना डोकं आपटलं.

त्याच दुपारी त्यांनी टिपणी लिहिली. शेवटचं वाक्य लिहायला त्यांना पाऊण तास लागला, पण वाक्य झालं बघण्यासारखं: 'सदर ठराव आजतागायत रद्द झालेला नसल्याने तो जसाच्या तसा लागू आहे.'

कुलसचिव बाईंनी टिपणी वाचली आणि चष्म्यावरून पाहिलं. "हे तुम्हाला नक्की हवंय?"

"मला काही नको, मॅडम. इतिहासाला न्याय मिळाला की झालं."

"समारंभ अधीक्षक तुमचे साडू ना?"

"इतिहासाला साडू नसतो, मॅडम."

कुलगुरूंना इतिहासाची हौस होती. व्यवस्थापन परिषदेत पाच मिनिटांत मंजूर झालं की सव्वाशेव्या वर्षीची मिरवणूक ठराव क्रमांक चारप्रमाणेच निघेल, जशीच्या तशी.

रेकॉर्डराव दोन जिने चढून मुद्दाम धाकट्याचा चेहरा बघायला गेले. निदान थोडा तरी पडेल, अशी त्यांची माफक अपेक्षा होती. धाकटा खुर्चीतून उठला, त्याने त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "अभिनंदन, साडूसाहेब. फार बरं झालं." वर चहाही मागवला.

"नाटक करतोय," रेकॉर्डराव घरी येऊन म्हणाले.

"तो मुळातच चांगला आहे हो," बायको म्हणाली.

"तेच तर त्याचं नाटक!"

दुसऱ्या दिवसापासून धाकटा रोज अर्धा तास खाली येऊन त्यांना चालायला शिकवू लागला. खरा दंड तिजोरीत, म्हणून उंच खिडक्या उघडायची आकड्याची काठी घेतली. लांबलचक व्हरांड्यात रेकॉर्डराव काठी छातीशी धरून चालत आणि धाकटा मागून सांगत राही, "खांदा सैल सोडा. पाऊल लहान. श्वास घ्या, साडूसाहेब, श्वास घ्या."

"मला चालता येतं. दुसऱ्या वर्षापासून चालतोय मी."

"येतं हो. वळताना जपा फक्त."

रेकॉर्डराव वळले. काठीचा आकडा पहिल्या कुलगुरूंच्या तसबिरीत अडकला आणि सव्वाशे वर्षांची धूळ रेकॉर्डरावांच्या डोक्यावर आली. तसबीर धाकट्याने वरच्या वर झेलली. हेही रेकॉर्डरावांना आवडलं नाही. झेलायची एवढी काय घाई होती?

पण मुख्य काम त्यांनी कुणाला न सांगता केलं. गावातल्या सगळ्यांत चांगल्या स्टुडिओला फोन लावला.

"मिरवणुकीतल्या पहिल्या माणसाचा फोटो हवा. बाकी कुणाचा नाही काढलात तरी चालेल."

"कोण असणार पहिला?"

स्वतःचं नाव घेणं रेकॉर्डरावांना बरं वाटेना. "पहिला येईल तो. बघितल्यावर कळेलच. मोठा करून चौकटीत बसवा आणि मी पत्ता देतो तिथे थेट पोचवा." मग सासूबाईंच्या भिंतीवरच्या फोटोचं माप सांगून ते म्हणाले, "याच्याहून वीतभर मोठा. खाली पितळी पट्टी. पट्टीवर लिहा: सप्रेम भेट, थोरले जावई."

समारंभाला दोन दिवस उरले आणि कुलसचिव बाईंचं बोलावणं आलं. मूळ कार्यवृत्त काचेच्या पेटीत मांडायचं म्हणून बाइंडरने ओला टीपकागद लावून चिकटलेली पानं सोडवली होती.

"तिसरं पान तुम्ही वाचलं होतं?" बाईंनी विचारलं.

"चिकटलं होतं, मॅडम."

"आता सुटलंय. ऐका. 'व तो मिरवणुकीत सर्वांचे शेवटी चालेल, आणि जे सभासद रेंगाळतील अथवा मध्येच चहास पसार होतील, त्यांस दंडाने अडवून पुढे घालील. समारंभ अधीक्षक मोकळ्या हातांनी सर्वांचे पुढे चालून वाट दाखवील.'"

रेकॉर्डरावांनी पान उलटसुलट करून पाहिलं. "मॅडम, हे पान कुणीतरी मागाहून घुसवलेलं असणार."

"त्यावर क्रमांक आहे. मोहोरही आहे."

"काळ बदललाय, मॅडम. प्राध्यापकांना हाकणं आता बरं दिसेल का? थोडा बदल करून..."

बाईंनी त्यांचीच टिपणी त्यांच्यापुढे सरकवली. शेवटच्या वाक्याखाली कुलगुरूंनी तांबड्या शाईने दोन रेघा ओढल्या होत्या. "वाक्य तुमचं आहे," बाई म्हणाल्या. "चांगलं आहे."

रेकॉर्डरावांनी दोन दिवस खटपट केली. परिषदेच्या तीन सदस्यांना भेटले. तिघांनीही ठरावाची तारीफ केली.

मिरवणूक निघाली. पुढे धाकटा, रिकाम्या हातांनी, पिसासारखा हलका. त्यामागे कुलगुरू, कायदा, वैद्यक, कला, आणि शंभरावर झगे. आणि त्या सगळ्यांच्या मागे, नऊ किलोंचा दंड छातीशी कवटाळून, रेकॉर्डराव. दुसऱ्या कमानीपाशीच त्यांचा खांदा ठणकायला लागला. तिसऱ्या कमानीपाशी एक तरुण प्राध्यापक हळूच उपाहारगृहाकडे वळला.

"सर, तिकडे नाही."

"दोन मिनिटांत आलो."

रेकॉर्डरावांनी दंड आडवा धरला. काय करणार, ठरावच तसा होता. प्राध्यापक रांगेत परतला, पण जाताना ज्या नजरेने बघून गेला ती नजर रेकॉर्डरावांनी आजवर फक्त गुरांकडून गुराख्यांच्या वाट्याला आलेली पाहिली होती.

आणि तेवढ्यात लांब, पार मंडपाच्या दाराशी, कॅमेऱ्याचा दिवा लखलखला. एकदा, दोनदा, आठदा. तेव्हा रेकॉर्डरावांना स्टुडिओ आठवला. दोन दिवसांच्या धावपळीत तो साफ डोक्यातून गेला होता. ओरडावं तर मध्ये अख्खं विद्यापीठ, धावावं तर हातात नऊ किलो. ते आत पोचले तोवर टाळ्या संपल्या होत्या, आणि पहिल्या रांगेतल्या सासूबाई धाकट्याला डोळे भरून पाहून झाल्यावर चष्मा काढून पेटीत ठेवत होत्या.

त्यांनी स्टुडिओला फोन लावला तोवर चौकट पत्त्यावर पोचतीही झाली होती. पाच दिवसांनी सासूबाईंचं निमंत्रण आलं. दोन्ही मुली, दोन्ही जावई, सगळे जमले. समोरच्या भिंतीवर जुन्या फोटोच्या जागी नवा लागला होता, वीतभर मोठा. धाकटा हसतमुख, एक हात किंचित पुढे केलेला, जणू भिंतीलाच वाट दाखवतोय. अगदी मागे, झग्यांच्या गर्दीवर, बोराएवढं काहीतरी चांदीचं चमकत होतं. तेवढे रेकॉर्डराव. आणि खाली पितळी पट्टी: सप्रेम भेट, थोरले जावई.

सासूबाईंचे डोळे भरून आले होते. "मी आजवर तुमच्याबद्दल चुकीचं समजत होते," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तुम्हाला याचं बघवत नाही. केवढं मोठं मन तुमचं!"

रेकॉर्डरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला. बायको त्यांच्याकडे बघत होती आणि तिला सगळं कळलं होतं, पण तिने आपल्या बशीतला लाडू त्यांच्या बशीत ठेवला. असं आजवरच्या संसारात क्वचितच झालं होतं.

जाताना जिन्यात धाकट्याने त्यांचा हात धरला.  "खांदा दुखतोय ना? माझा तर अकरा वर्षं दुखतोय. दंड दुसऱ्याला द्या म्हणून दोनदा अर्ज केला मी. उत्तरच आलं नाही. कागद शेवटी तुमच्याकडेच आले असतील म्हणा."

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डरावांनी तळघर उघडल्याबरोबर समारंभ कक्षाचा गठ्ठा सोडला. शोधायला काही वेळ लागला नाही. त्यांच्या गठ्ठ्यात सगळं जिथल्या तिथे असतं. दोन अर्ज होते, एक सात वर्षांपूर्वीचा, एक चार वर्षांपूर्वीचा. दोन्हींवर जांभळा शिक्का, 'वाचून दाखल', आणि खाली त्यांचीच फर्डी सही.

दुसऱ्या अर्जात शेवटी लिहिलं होतं: 'माझे थोरले साडू, अभिलेखपाल, हे माझ्याहून उंच असून पाठीने ताठ आहेत. मिरवणुकीच्या अग्रभागी दंड घेऊन ते फार शोभतील. त्यांना विचारणा व्हावी, ही विनंती. ते स्वतःहून कधी मागणार नाहीत.'

रेकॉर्डरावांनी स्टुलावर बसून तो अर्ज पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला. खांदा ठणकत होता. मग त्यांनी पेन काढलं आणि शिक्क्याच्या खाली, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच, स्वतःच्या हाताने लिहिलं, 'आज वाचला.' तारीख घातली. आणि गठ्ठा होता तसा परत बांधून ठेवला.