ओढा, मुलाखत आणि कलप

माणसानं टीव्हीच्या दोन शूटिंगांच्या मधल्या संध्याकाळी केस कापायला जाऊ नये. जायचंच असेल तर निदान मेहुण्याच्या सलूनमध्ये जाऊ नये. पण ओढेरावांना हे सांगणार कोण? त्या दिवशी त्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

ओढेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसून बसून त्यांना एक शोध लागला होता. भिंतीला ओल येते म्हणून ओरडणारी सगळी घरं आणि दुकानं एकाच वाकड्यातिकड्या रेघेवर होती. म्हणजे गावाखालून चक्क एक ओढा वाहत होता! टेकडीवरून निघून शाळेच्या मैदानाखालून, पोस्टाच्या मागून, कापडबाजाराच्या पोटातून थेट नदीला. कधीकाळी लोकांनी त्याच्यावर फरशा टाकल्या आणि पुढचे त्याला विसरून गेले. ओढेराव हे ज्याला त्याला सांगत. ओढा पोस्टापर्यंत पोचायच्या आत ऐकणाऱ्याला काहीतरी काम आठवे. (बायको तर शाळेच्या मैदानातच उठायची.) ऑफिसनं त्यांना हे नाव ठेवलं ते यावरूनच. कोणीतरी एकदा हा ओढा नदीपर्यंत ऐकावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि प्रादेशिक वाहिनीचा फोन आला! 'पायाखालचं गाव' या कार्यक्रमासाठी त्यांना ओढेरावांची मुलाखत हवी होती. ओढेरावांना आभाळ ठेंगणं झालं.

पहिल्या दिवशी घरात कॅमेरा आला, दिवे आले, सोफा तिरका झाला. आप्पांना, म्हणजे ओढेरावांच्या वडिलांना, खुर्चीसकट कोपऱ्यात सरकवण्यात आलं. गळ्यात हेडफोन अडकवलेली दिग्दर्शिका म्हणाली, "काका, घाई करू नका. सगळं सांगा."

सगळं सांगा! असं त्यांना जन्मात कोणी म्हटलं नव्हतं. मग काय, तोंडाचा पट्टा सुटला. ओढा मैदानाखालून गेला, पोस्ट ओलांडून कापडबाजारात शिरला, आणि नदीला मिळाला तेव्हा दिग्दर्शिकेच्या डोळ्यांत पाणी होतं. (दिव्यांमुळेही असेल.)

"अप्रतिम!" ती म्हणाली. "उद्या सकाळी फक्त तुमचं चालणं घेऊ. ओढ्याच्या वाटेनं चालायचं, गटाराची झाकणं दाखवायची. बोलायचं काही नाही."

संध्याकाळी ओढेराव आरशासमोरून हलेनात. बायको म्हणाली, "सगळं गाव बघणार आहे. ते पांढरं जंगल जरा आवरून या."

"वरवर काप रे," त्यांनी मेहुण्याला बजावलं.

"भाऊजी, टीव्ही म्हणजे काय गंमत आहे? तुम्ही फक्त डोळे मिटा."

डोळे उघडले तेव्हा केस काळे होते, मिशी काळी होती, भुवयासुद्धा काळ्या होत्या. मेहुणा म्हणाला, "ओळखू येत नाही हो तुम्ही!" ओढेरावांना ही स्तुती वाटली.

सकाळी दिग्दर्शिकेनं दारातच विचारलं, "काका आहेत का घरात?"

"अहो, मीच काका!"

ती मटकन पायरीवर बसली. "काका, काय केलंत हे! मुलाखतीत तुम्ही पांढरे आहात. त्यात हे चालणं मधेमधे जोडायचंय. दर दोन मिनिटांनी तुम्ही म्हातारे होणार आणि परत तरुण होणार!"

"मग मुलाखत पुन्हा घ्या की," ओढेराव उत्साहानं म्हणाले. "मी पहिल्यापासून सांगतो."

"दुपारी आम्हाला पुढच्या गावी पोचायचंय हो!"

मग कॅमेरामननं बायकोचा पावडरचा डबा ओढेरावांच्या डोक्यावर उपडा केला. ओढेराव गिरणीतून दळण घेऊन आल्यासारखे दिसू लागले. तेही चाललं असतं, पण पोस्टापाशी त्यांना सणसणीत शिंक आली आणि सगळं म्हातारपण कॅमेऱ्याच्या काचेवर जाऊन बसलं.

"राहू दे," दिग्दर्शिका कपाळाला हात लावून म्हणाली. "लांबून घेऊ. कोणाच्या लक्षातही येणार नाही."

कार्यक्रम लागला तेव्हा घर टीव्हीसमोर श्वास रोखून बसलं. पांढऱ्या केसांचे ओढेराव रंगून बोलत होते, त्यांच्याखाली 'ओढ्याचे अभ्यासक' अशी ठसठशीत पट्टी होती. काळ्या केसांचे ओढेराव लांबून चालत येत, झाकणाकडे बोट दाखवत आणि निघून जात. त्यांना पट्टी नव्हती. पण बायको नदी येईपर्यंत उठली नाही! ओढेरावांना अगदी भरून आलं.

"काय सुंदर बोलता हो," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "पण हा काळ्या मिशीवाला मधेमधे कशाला कडमडतोय?"

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात पोस्टामागच्या वस्तीतल्या नागरिक मंडळाचे अध्यक्ष, हातात हा एवढा पुष्पगुच्छ! ओढेरावांनी शर्ट नीट करून दोन्ही हात पुढे केले. अध्यक्ष त्यांना वळसा घालून आत गेले आणि त्यांनी गुच्छ सोफ्यावरच्या आप्पांच्या हातात दिला. केस पांढरे, नाक तेच, सोफाही तोच.

"काय बोललात हो काल! डोळे उघडलेत आमचे!"

आप्पांनी गुच्छ ठेवून घेतला. (त्या वयात येईल ते घ्यावं, चौकशा करू नयेत.)

"अहो, तो मीच—" ओढेराव कसेबसे म्हणाले.

"हो हो, ओळखलं की! चालत होतात ते तुम्हीच." अध्यक्ष पुन्हा आप्पांकडे वळले. "पोस्टाच्या पुढे ओढा नेमका वळतो कुठे?"

आता कळेल, असं म्हणून ओढेराव हाताची घडी घालून उभे राहिले.

"डावीकडे," आप्पा शांतपणे म्हणाले. "तुमच्या स्वयंपाकघराची भिंत ओली असेल बघा. तिथून कापडबाजाराच्या पोटात, आणि मग थेट नदीला."

"अगदी बरोबर! ओलीच आहे!"

ओढेरावांचा आ वासला. घशात हुंदका आला. "आप्पा, तुम्ही ऐकत होतात? इतकी वर्षं? शेवटपर्यंत?"

"काय करणार! तू जेवताना सुरू करतोस, आणि मला गुडघ्यांमुळे चटकन उठता येत नाही."

हुंदका आल्या वाटेनं परत गेला. अध्यक्षांना बहुधा दया आली असावी. त्यांनी ओढेरावांचा हात हातात घेतला. "तुमचंही कौतुक आहे बरं का. चाललात फार छान!"

"हो," आप्पा गुच्छाचा वास घेत म्हणाले, "आता चालतो बरा. लहानपणी फार उशिरा चालायला लागला."