प्रत्येक टेबलावर इथेनॉल

रसायनशास्त्राच्या सरांना शाळेत सगळे कार्बनसर म्हणत, आणि सरांना ते मनापासून आवडे. पदार्थाला त्याच्या खऱ्या नावानेच हाक मारायची, हा त्यांचा बाणा. मुलांनी ‘स्पिरिट’ म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी पडे. ‘अल्कोहोल’ मात्र त्यांनी स्वतःच सोडलं होतं, कारण मागे एकदा कार्यालयाकडे अल्कोहोल मागितलं तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावून घरी सगळं ठीक आहे ना, अशी प्रेमाने चौकशी केली होती.

आता तर प्रयोगशाळेच्याच जिवावर बेतलं होतं. ती मोडून तिथे कम्प्युटर बसवायचे, असं संस्थेच्या अध्यक्षांच्या मनात होतं. सोमवारी ते जागा बघायला येणार होते. सरांनी ठरवलं, असा प्रयोग दाखवायचा की अध्यक्षांची बोलती बंद झाली पाहिजे. शुक्रवारी त्यांनी प्रयोगशाळेतूनच नव्या कारकुनाला फोन लावला.

“सोमवारी प्रत्येक टेबलावर इथेनॉल पाहिजे.”

“प्रत्येक टेबलावर? एवढे कशाला, सर?”

“रसायनशास्त्र आहे हे, चेष्टा नाही. आणि गळती अजिबात नको. झाकण घट्ट नसलं तर सगळं उडून जातं.”

“उडतंय कसलं! प्लंबर आलाच आहे टाकीच्या कामाला. पक्कं बसवून घेतो.”

प्लंबरचा इथे काय संबंध, हे सरांना कळलं नाही. पण शाळेत बाटल्यांची झाकणंसुद्धा प्लंबरकडूनच बसवून घेत असतील, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सोमवारी सकाळी त्यांनी दार उघडलं आणि ते दारातच थिजले. प्रत्येक टेबलाच्या मधोमध एक चकचकीत नळ उभा होता.

“हे काय करून ठेवलंत?”

“तुम्हीच म्हणालात ना, सर, इथे नळ पाहिजे!” कारकून अभिमानाने म्हणाला. “दोन दिवस राबलो. एक थेंब गळणार नाही.”

सरांनी डोक्याला हात लावला. तेवढ्यात बाईंसह अध्यक्ष आत आले. आता माघार नाही. सरांनी छाती पुढे काढली आणि रॉकेलची परीक्षानळी उचलली.

“साहेब, हे रॉकेल. हायड्रोकार्बन! नुसता कार्बन आणि हायड्रोजन. पाण्याशी याचं मुळीच पटत नाही. बघा.” त्यांनी नळ सोडला. नव्या नळाच्या जोराने निम्मं पाणी नळीत आणि निम्मं अध्यक्षांच्या सदऱ्यावर गेलं. नळीत मात्र रॉकेल पाण्यावर ऐटीत तरंगत राहिलं. “पण याच घराण्यात ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडी सून म्हणून आली, की झालं इथेनॉल! ते पाण्यात असं मिसळतं की शोधून सापडायचं नाही. ते दाखवलं असतं, पण...”

अध्यक्षांचं लक्ष नव्हतं. सदरा झटकत ते नळ मोजत होते.

“बाई, या खोलीत कम्प्युटर?” ते ओरडले. “एखाद्या पोराने नळ उघडा टाकला की सगळे बुडाले! छे, छे. कम्प्युटर शिक्षकखोलीत बसवा. इथे हेच चालू द्या.”

सरांचे डोळे भरून आले. सगळी हयात काढलेली खोली वाचली होती! बेंझिनचा शोध स्वतः लावल्यासारखे ते ताठ उभे राहिले.

अध्यक्ष गेल्यावर बाईंनी भुवया उंचावल्या. “आणि ही नळांची कल्पना कोणाची?”

कारकून हळूच कपाटाआड सरकला.

“कल्पना कोणाचीच नाही, बाई,” कार्बनसर अभिमानाने म्हणाले. “उच्चार माझा.”